जॉयकॉनसाठी हॉल इफेक्ट स्टिकचं किट: स्टिक उत्तम, स्क्रूड्रायव्हर टाकाऊ

जॉयकॉन म्हणजे निन्टेंडो स्विच या गेम कन्सोलचे सुटे होणारे कंट्रोलर. त्यांच्या मूळ स्टिकमध्ये (अंगठ्याने फिरवायची दांडी) कार्बनच्या पट्टीवर धातूची टोकं घासतात. पट्टी झिजली की हात न लावताही गेममधलं पात्र आपसूक चालू लागतं. या किटमधल्या हॉल इफेक्ट स्टिक घासण्याऐवजी चुंबकाने हालचाल ओळखतात, त्यामुळे तिथली झीज संपलीच.

किटमधला वाय-आकाराचा स्क्रूड्रायव्हर मात्र वापरू नका. टोक मऊ आहे. मागचे चार स्क्रू त्यानेच गुळगुळीत होतात आणि मग काढता काढता नाकी नऊ येतात. चांगला वाय०० (०० हे टोकाचं माप), आतल्या स्क्रूंसाठी प्लस ०० वेगळा घ्या.

कव्हर पुस्तकासारखं हळूच उघडा, ओढलंत तर आतली रिबन (पातळ चपटी वायर) फाटेल. सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर काढायचं. स्टिक दोनच स्क्रूंवर असते. खरी कसोटी तिच्या रिबनच्या सॉकेटची: नखाएवढीही नसलेली झडप प्लॅस्टिकच्या टोकाने वर उचलायची, रिबन सरळ आत सारायची, मग झडप दाबायची. रिबन तिरकी बसली तर स्टिक एकाच दिशेला चालते आणि लोक उगाच नव्या स्टिकला दोष देतात.

जोडल्यावर सेटिंग्जमध्ये जाऊन कॅलिब्रेशन, म्हणजे नव्या स्टिकची कन्सोलला नीट ओळख करून देणं, कराच.