नातवाचा स्पेसर: पाचपैकी चार तारे, एक मास्कने घालवला

सुनेने मेडिकलमधून स्पेसर, म्हणजे श्वासाच्या औषधाचा पंप आणि तोंडावरचा मास्क यांच्यामध्ये बसणारी ही पारदर्शक नळी, आणली तेव्हा मी तोंड वाकडं केलं होतं. दीड वर्षाचं पोर आणि त्याला पंप? पंप म्हाताऱ्यांना, आणि एकदा लागला की सुटत नाही, हेच ऐकत आलेली मी. तेही ३२ वर्षं नाशकात मुलांना जीवशास्त्र शिकवून!

पाळणाघरात जायला लागल्यापासून दर सर्दी याच्या छातीत उतरते. श्रावणात तर पोट उडायला लागलं म्हणून तीन रात्री दवाखान्यात काढल्या. आईकडून आलेली प्रतिपिंडं पहिल्या काही महिन्यांत ओसरतात, स्वतःची फौज अजून शिकाऊ, आणि श्वासनलिका इतक्या बारीक की जराशी सूज आली तरी शिट्टी वाजते. हे मला ठाऊक होतं, पण आजीला ते ऐनवेळी आठवत नाही. शेजारच्या वहिनींनी प्रतिकारशक्तीचं सिरप सुचवलं. ते आणलं नाही, एवढी शिक्षिका माझ्यात उरली होती.

कपाटात २,२०० रुपयांचं औषधाची वाफ देणारं मशीन (नेब्युलायझर) आहे. त्याची घरघर सुरू झाली की याचं भोकाड. दहा मिनिटं दोघींनी धरून ठेवायचं, मास्क दोन बोटं लांब, म्हणजे औषध पडद्यांना. रडणाऱ्या मुलाच्या छातीत तसंही फार कमी पोचतं. स्पेसर ४२० रुपयांचा, आवाज नाही, वीज नाही, पिशवीत मावतो. पंप हलवायचा, एकच दाब, मास्क नाकातोंडावर घट्ट, पाच-सहा श्वास. झडप फडफडताना दिसते, ती मी मोठ्याने मोजते. दुसरा दाब द्यायचा तर अर्ध्या मिनिटाने, पुन्हा हलवून. रोजच्या स्टेरॉइडच्या पंपानंतर तोंड पुसून पाणी पाजायचं.

धुण्याचं मात्र कोणी सांगत नाही. नव्या प्लॅस्टिकवर स्थिर विद्युतभार असतो, औषध भिंतींनाच चिकटतं. म्हणून भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून, न विसळता, निथळत ठेवायचा. फडक्याने आतून पुसला की भार परत आला. साबण पुसायचा तो फक्त मास्कवरचा. मी पहिल्या दिवशी जुन्या सुती साडीच्या तुकड्याने लख्ख पुसला होता!

आता तक्रार. खोक्यावर ‘लहान मुलांसाठी’ लिहिलंय, पण मास्क पाच वर्षांच्या मुलाच्या मापाचा. याच्या गालापाशी फट राहायची आणि निम्मं औषध हवेत. पहिला आठवडा असाच गेला. माहितीपत्रक इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं. दुकानदाराने मास्क बदलून दिला, पण ९० रुपये घेऊन.

‘हा दमा जन्माचा का?’ असं मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं, अमेरिकेत टुसान शहरात १९८० पासून जन्मलेल्या मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं होतं. पहिल्या तीन वर्षांत छातीत घरघर झालेल्यांपैकी साधारण ६० टक्के मुलांची ती सहाव्या वर्षापर्यंत थांबली होती. आमचा कुठल्या गटात, ते आज सांगता येत नाही, म्हणाल्या. घरात ॲलर्जी आहे का, हे मात्र खोदून विचारलं. माझ्या मुलाला, म्हणजे याच्या बापाला, लहानपणी धुळीने शिंका येत असत, हे मी सांगताना सून माझ्याकडे बघत होती.

घेणार असाल तर पोराला कडेवर घेऊनच दुकानात जा आणि मास्क चेहऱ्याला लावून बघा. खोकं फोडू देत नसतील तर पुढचं दुकान.