चकचकीत पाठीच्या पोकळ चिंबोऱ्या

एका छोट्या खानावळीने चार किलो चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, मांसाने भरलेल्या म्हणून, भरलेल्यांच्याच भावाने घेतल्या. पाठी स्वच्छ, नांग्या मोठ्या, सगळ्या जिवंत. फोडल्या तर विळीखाली पाण्याचं थारोळं, नांग्यांत बुळबुळीत गर, रश्श्यात नुसती टरफलं. अमावस्येला धरलेल्या चिंबोऱ्या भरलेल्याच असतात असा समज आहे, म्हणून विकणाऱ्याचं एकच पालुपद: "अमावस्येचा माल, पोकळ निघेलच कसा?"

निघतो. कात टाकली की चिंबोरी पाणी पिऊन फुगते. नवं कवच थोड्या दिवसांत टणक होतं, पण आत मांस भरायला तीन-चार आठवडे जातात. खाडीकाठी चिंबोऱ्या पोसणारे हाच पोकळ माल स्वस्तात उचलून तेवढे दिवस खाऊ घालतात. तोच माल भरलेल्यांत मिसळला की फसवणूक झाली. कात प्रत्येकीची आपापल्या वेळी पडते, एका टोपलीत दोन्ही असतात. तिथीवर सौदा करू नये.

खानावळवाल्याने दाबून पाहिलं होतं, पण पाठीवर. पाठीचं कवच जाड, ते पत्ता लागू देत नाही. नांग्या बांधलेली चिंबोरी उलटी धरा आणि नांगीच्या मुळालगत, पहिल्या पायाच्या बुडाशी, पोटाकडच्या कवचावर अंगठा दाबा. दोन्ही बाजूंना दाबा. भरलेली असेल तर ढिम्म हलत नाही. पोकळ असेल तर प्लास्टिकच्या पातळ डबीसारखी लवते. मात्र जोर बेताचा, कवच तडकलं तर चिंबोरी मरते आणि पैसे तुमचेच जातात.

रूपावर तर मुळीच जाऊ नका. पोट पांढरंशुभ्र, नांगीचे दात टोकदार, म्हणजे कवच नवं. मळकट पिवळं पोट, झिजलेले दात, पाठीवर चिकटलेल्या शिंपल्यांचे खडबडीत ठिपके असलेली गबाळी चिंबोरीच बहुतेकदा गच्च भरलेली असते. एकाच मापाच्या दोन घेऊन दोन हातांत तोलल्या तरी फरक कळतो.

दुसरी लबाडी सुतळीची. जाड सुतळीचे वेढे, तेही भिजवलेले, चिखल माखलेले. एका चिंबोरीमागे 40-50 ग्रॅम सहज चढतात. किलोत तीन बसल्या तर दीडशे ग्रॅमपर्यंत सुतळीच विकत घेतली. एकीची सुतळी सोडून काट्यावर ठेवायला लावा आणि त्या हिशेबाने वजावट मागा. दहा-बारा किलोंचा सौदा असेल तर टोपलीच्या तळातली एक तिथेच फोडून घ्या. तिचे पैसे आपण द्यायचे.