मौंजारो क्विकपेन: औषध खणखणीत, नागपूरच्या उन्हाळ्यात मात्र जपून

डायबिटीस आणि लठ्ठपणावरचं हे इंजेक्शन आठवड्यातून एकदा टोचायचं आणि एका पेनात महिन्याचे चार डोस. वापरायला सोपं आहे. घोळ होतो तो दोन ठिकाणी: बटण दाबताना आणि फ्रिजमध्ये ठेवताना. ‘इतके पैसे घातले, पण भूक काही कमी होत नाही’ असं कोणी म्हणालं, तर डोस वाढवण्याआधी या दोन गोष्टी तपासाव्यात.

पेनात काय आहे ते आधी बघू. जेवण पोटातून पुढे सरकलं की आतड्याच्या अस्तरातल्या पेशी हार्मोन सोडतात. लहान आतड्याच्या वरच्या भागातून जीआयपी येतं, शेवटच्या भागातून आणि मोठ्या आतड्यातून जीएलपी-1. तेवढंच ग्लुकोज सलाइनमधून शिरेत दिलं तर इन्सुलिन कमी सुटतं आणि तोंडाने घेतलं तर जास्त, ते या दोघांमुळे. जीएलपी-1 स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पण रक्तात साखर वाढलेली असेल तेव्हाच. ग्लुकागॉन हे साखर वाढवणारं हार्मोन दाबतं, त्यामुळे यकृतातून साखर ओतली जाणं कमी होतं. जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतं आणि मेंदूला ‘झालं, पुरे’ असा निरोप देतं. एवढी कामं करणारं हे हार्मोन रक्तात टिकतं मात्र जेमतेम एक-दोन मिनिटं, कारण डीपीपी-4 नावाचं एन्झाइम ते लगेच तोडतं.

मेडिकलमध्ये स्वस्तात मिळणाऱ्या सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन या गोळ्या त्या एन्झाइमला अडवतात. शरीराचं स्वतःचं जीएलपी-1 थोडं जास्त टिकतं, साखर थोडी उतरते, वजन जागचं हलत नाही. क्विकपेनमधलं टिरझेपाटाइड वेगळ्या वाटेने जातं. 39 अमिनो आम्लांची ही साखळी जीआयपी आणि जीएलपी-1 या दोघांच्याही रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवर ती हार्मोन्स जिथे चिकटतात त्या जागांवर, काम करते. तिला जोडलेली स्निग्धाम्लाची शेपटी रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहते, म्हणून निम्मं औषध शरीराबाहेर जायला साधारण पाच दिवस लागतात. पेन सुरू झाल्यावर ग्लिप्टिनची गोळी चालू ठेवण्यात काही हशील नाही. जुन्या चिठ्ठीत ती तशीच राहून गेलेली असते, डॉक्टरांना आठवण करून द्या.

परिणामाबद्दल आमचं मत स्वच्छ आहे: या वर्गात सध्या याच्याइतकं जोरकस औषध दुकानात दुसरं नाही. सरमाउंट-1 या चाचणीत डायबिटीस नसलेल्या लठ्ठ लोकांचं वजन 72 आठवड्यांत 5 मिलिग्रॅमवर सरासरी 15 टक्के आणि 15 मिलिग्रॅमवर जवळपास 21 टक्के उतरलं. औषध नसलेलं इंजेक्शन घेणाऱ्या गटाचं सुमारे 3 टक्के. डायबिटीस असेल तर घट याहून कमी होते, हे पेन घेण्याआधीच माहीत असलेलं बरं. नाहीतर तिसऱ्या महिन्यात शेजाऱ्याशी तुलना सुरू होते.

आता पेन. प्रत्येक डोसला सुई नवी. 4 मिलिमीटरची, 32 गेजची पेन नीडल पुरते, जाड माणसालाही. डबीत सुया आहेत की वेगळ्या घ्यायच्या, ते दुकानातच विचारा. सुई बसवल्यावर प्राइमिंग, म्हणजे टोचण्याआधी सुईतली हवा काढणं: नॉब हळू फिरवा, दोन टिकटिक ऐकू आल्या की थांबा, सुई वर धरून टिचकी मारा, नॉब पूर्ण दाबा आणि दाबूनच पाच आकडे मोजा. सुईच्या टोकावर थेंब दिसला पाहिजे. हे पहिल्याच वेळी नाही, चारही वेळा करायचं. त्यानंतर पेनावरच्या छोट्या खिडकीत 1 दिसेपर्यंत नॉब फिरवा, पोटावर किंवा मांडीवर टोचा, पूर्ण दाबा, पुन्हा पाच मोजा आणि खिडकीत 0 आल्यावरच सुई काढा. घाईत सुई आधी निघाली की कातडीवर औषधाचा ओघळ येतो; वाया गेलेल्या डोसचा तो पुरावा. अशा वेळी अंदाजाने ‘थोडं अजून’ टोचू नका. सुई लावून पेन ठेवलं तर औषध गळतं, हवेचे बुडबुडे शिरतात आणि पुढच्या वेळी सुई चोंदलेली निघते.

चार डोस झाल्यावर पेनात थोडं द्रव दिसतं. ते प्राइमिंगच्या हिशेबातलं उरलेलं असतं, पाचवा डोस नव्हे. मोठ्या मात्रेचं पेन घेऊन टिकटिक मोजत त्यातून छोटे डोस काढायचा जुगाड नागपुरातही पोचला आहे. पेन पूर्ण डोससाठी बनलंय, टिकटिक ही मोजपट्टी नाही. शिवाय पहिल्या वापरानंतर 30 दिवसांनी ते टाकायचं असतं, त्यामुळे वाचवलेलं औषध दुसऱ्या महिन्यात शंकास्पदच. नवरा-बायकोने एक पेन वाटून घेणं तर सुई बदलूनही नको, कारण टोचताना सूक्ष्म प्रमाणात रक्त पेनात मागे येऊ शकतं.

हेच औषध पेनाऐवजी कुपीतून घेणाऱ्यांसाठी एक वेगळा सापळा आहे. एका कुपीत 0.5 मिलिलिटर, म्हणजे एक डोस. आपल्याकडे इन्सुलिन सिरिंज दोन तऱ्हेच्या मिळतात: लाल टोपीची यू-40 (मिलिलिटरला 40 युनिट) आणि केशरी टोपीची यू-100 (मिलिलिटरला 100 युनिट). अर्धा मिलिलिटर म्हणजे यू-40 वर 20 ची रेघ आणि यू-100 वर 50 ची. कोणी ‘20 पर्यंत भरा’ असं फोनवर सांगितलं आणि घरात केशरी टोपी असली, तर पोटात जेमतेम 40 टक्के डोस जातो आणि कुपीत उरलेलं औषध वाया.

उन्हाळ्याचा मुद्दा इथल्या लोकांना वेगळा समजवायची गरज नाही, पण आकडे जुळवून बघा. न उघडलेलं पेन 2 ते 8 अंशांत. वापरात असलेलं पेन 30 अंशांखाली बाहेर चालतं, असं माहितीपत्रक म्हणतं. मे महिन्यात बाहेर 45 असताना कूलर लावलेली खोली दुपारी 30 च्या खाली राहील याची खात्री नाही, आणि जुलैत हवा दमट झाली की कूलर नुसता वारा देतो. म्हणून मार्चपासून पावसाळा सरेपर्यंत चालू पेनही फ्रिजातच ठेवा. माठाशेजारी नाही, देवघरात नाही, गाडीच्या डिकीत तर नाहीच. फ्रिजात कुठे, हेही महत्त्वाचं. एका दाराच्या फ्रिजमध्ये फ्रीझरखालच्या ट्रेमध्ये वस्तू गोठतात. एकदा गोठलेलं पेन वितळून पूर्ववत दिसलं तरी टाकूनच द्यायचं. दारात तापमान वरखाली होतं. मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीला न चिकटवता, मूळ डबीत ठेवा. तिथे दोनशे-तीनशे रुपयांचा फ्रिज थर्मामीटर ठेवलात तर वीज जाऊन आल्यावर अंदाज बांधत बसावं लागत नाही.

खरेदीही त्याच हिशेबाने. धंतोली-रामदासपेठेत दवाखान्यांना लागून असलेल्या दुकानांत पेन मिळतं, गांधीबागेच्या घाऊक बाजारातून माल शहरभर जातो. थोड्या सवलतीसाठी भर दुपारी डिलिव्हरीवाल्याच्या पाठीवरच्या बॅगेतून मागवू नका. सकाळी दहाच्या आत किंवा सूर्य मावळल्यावर स्वतः जा, थर्मासची पिशवी न्या आणि बर्फाचा पॅक फडक्यात गुंडाळा. पॅक पेनला थेट टेकला तर तेवढाच भाग गोठू शकतो. दुकानदाराने पेन फ्रिजातून तुमच्यासमोर काढलं पाहिजे, बिलावर बॅच नंबर आणि मुदत छापलेली हवी. द्रव स्वच्छ, रंगहीन किंवा किंचित पिवळसर असतं; कण दिसले तर परत करा. चिठ्ठी न मागणाऱ्या दुकानात हे औषध घेऊच नये.

मळमळ, करपट ढेकर, बद्धकोष्ठता, कधी जुलाब: पहिले काही आठवडे आणि डोस वाढवल्यावर हे अनेकांना होतं. टोचल्यानंतर आठ तास ते तीन दिवस या काळात औषध रक्तात सर्वांत जास्त असतं. शनिवारी रात्री टोचून रविवारी सावजी मटणावर बसलात तर मंदावलेल्या जठरात ती तर्री तासन्‌तास तशीच पडून राहते, आणि मग दोष पेनला. रविवार सोडवत नसेल तर टोचायचा वार सोमवार ठेवा. वार बदलताना दोन डोसमध्ये किमान तीन दिवसांचं अंतर हवं. डोस चुकला तर चार दिवसांच्या आत घ्या, उशीर झाला असेल तर सोडून पुढच्या ठरल्या वारी.

भूक कमी झाली की लोक भाजी-वरणाला आधी काट मारतात आणि चहा-बिस्किट तेवढं चालू राहतं, हे उलटं आहे. वजनाबरोबर स्नायूही उतरतात. ताटात पहिला घास अंडं, मासे, बरबटीची उसळ, दही किंवा पनीर यांचा असू द्या, भात शेवटी. तर्री पोह्यांत तर्री कमी आणि चणे जास्त करून घ्या. तहान मंदावते म्हणून उन्हाळ्यात पाणी ठरवून प्या. उलट्या आणि ऊन एकत्र आले की मूत्रपिंडावर ताण येतो.

ग्लिमेपिराइड ही डायबिटीसची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्यांचे डोस सुरुवातीलाच डॉक्टरांकडून कमी करून घ्या, साखर घसरते ती त्यांच्यामुळे. स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कोणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर (थायरॉइडच्या कॅन्सरचा एक प्रकार) झालेला असेल तर हे औषध वर्ज्य. गर्भधारणेचा विचार असेल तरी नको. गर्भनिरोधक गोळ्यांचं शोषण कमी होतं, म्हणून सुरुवातीला आणि डोसच्या प्रत्येक वाढीनंतर चार आठवडे दुसरा उपायही हवा. पोटात पाठीपर्यंत जाणारी सततची कळ आली तर पुढचा डोस थांबवून थेट दवाखाना गाठा. ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञाला आधी सांगा, उपाशी असूनही जठरात अन्न सापडू शकतं.

किंमत ही या उत्पादनाची खरी कमजोरी. मार्च 2025 मध्ये कुपी बाजारात आली तेव्हा 2.5 मिलिग्रॅमला 3,500 आणि 5 मिलिग्रॅमला 4,375 रुपये होते, म्हणजे महिना 14,000 ते 17,500. औषध थांबवलं की बहुतेकांचं वजन परत चढतं, त्यामुळे हिशेब महिन्याचा नाही, वर्षांचा करा. 2.5 हा फक्त पहिल्या चार आठवड्यांचा डोस. खरं काम 5 पासून. तिथे वजन उतरत असेल आणि साखर आटोक्यात असेल तर 7.5 वर जायची घाई करू नका. वरचा डोस महाग पडतो, मळमळ पुन्हा सुरू होऊ शकते, आणि 5 वरच महिनोन्‌महिने राहायला काहीच हरकत नसते.