हातात धरायचं स्टॅटिक ग्रास अॅप्लिकेटर: मशीन चांगलं, सोबतचं गवत बेकार

मॉडेल रेल्वेचा लेआउट, म्हणजे छोट्या रुळांभोवतीचा देखावा, करत असाल तर खोटं गवत उभं करणारं हे मशीन घ्याच, रंगवलेला भुसा कितीही टाकला तरी सपाटच दिसतो. यात चाळणीत नायलॉनचे बारीक तंतू भरायचे, वायरची पिन ओल्या गोंदात खुपसायची, बटण दाबून हळूहळू हलवत राहायचं, स्थिर विजेमुळे तंतू अंगावर काटा आल्यासारखे उभे राहतात. बघायला जाम मजा येते.

पण सोबत आलेली पिशवी पोपटी आणि सगळी एकाच लांबीची, ती तशीच मारली की बंगल्याचं लॉन तयार, रुळांकडेचं रान नाही. एचओ स्केल म्हणजे १:८७, खऱ्यापेक्षा ८७ पट लहान मॉडेल, त्यात ६ मिमीचा तंतू म्हणजे खऱ्यातलं अर्ध्या मीटरच्या वर, गुडघाभर गवत, आणि एन स्केलला, म्हणजे १:१६० ला, तोच जवळजवळ मीटरभर होतो. असलं गवत खडीला चिकटून उगवलेलं दिसलं की बाकी कितीही मेहनत घ्या, सीन खोटाच वाटतो. मी रुळांजवळ २ मिमी वापरतो, तेही विरळ, उतारावर ४, आणि ६ फक्त कुंपणापाशी नाहीतर नाल्याकडेला. आधी पेंढ्याच्या रंगाचा थर, वर थोडा हिरवा, कारण गवत बुडाशी वाळलेलं असतंच. पायवाटेवर गोंदच लावू नका, सिग्नलच्या खांबाभोवतीही थोडी माती उघडी ठेवा, खरा फरक तिथेच दिसतो.

तक्रारी आहेतच. जाळी भरड आहे त्यामुळे २ मिमीवाले भसाभस पडतात, बारीक जाळी वेगळी घ्यावी लागते. वायर आखूड. बॅटरी उतरली की तंतू आडवे पडतात आणि आपण उगाच गोंदाला शिव्या घालत बसतो. गोंदही तळहाताएवढ्या तुकड्यातच लावा, वाळायला लागला की काही चिकटत नाही. हां, बंद केल्यावर पिन जाळीला टेकवा, नाहीतर हाताला चटका बसतो, फार नाही पण दचकायला होतं.

सुकल्यावर व्हॅक्युमच्या नळीला जुना नायलॉनचा मोजा बांधून सुटे तंतू ओढून घ्या, परत वापरता येतात. रंग मिसळलेले असतात म्हणून पिशवीतल्यापेक्षा तेच जास्त खरे दिसतात.