शिमानो १०५ची चेन आणि दोन कड्यांचा घोळ

चेन झकास आहे, आधी तेच सांगतो. शिमानोच्या १०५ या रोड बाइकच्या गिअर-मालिकेतली एचजी६०१, ११ स्पीडची (मागे ११ चकत्या), क्विक लिंकवाली, म्हणजे टोकं एका सुट्या कडीने जोडायची. खोक्यात ११६ कड्या. रोड बाइकला बहुतेक वेळा एवढ्या लागत नाहीत, तोडाव्याच लागतात, आणि घोळ तिथेच होतो.

सिंहगडाच्या चढासाठी मी मागची ११-२८ कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच, सगळ्यात छोटीला ११ दात, मोठीला २८) काढून ११-३२ बसवून घेतली. मोठ्या चकतीला चेनही लांब लागते. पण दुकानातल्या पोराने नवी चेन जुनीच्या शेजारी लटकवली नि तेवढीच, १०६ कड्यांवर, तोडली. डोणज्याच्या पुढे चुकून मोठ्या-मोठ्यावर (पुढची नि मागची, दोन्ही मोठ्या चकत्यांवर) गिअर पडला आणि पेडल जागच्या जागी आवळलं. डिरेल्युर, म्हणजे मागे चेन चकत्यांवर सरकवणारा भाग, पार पुढे ताणलेला. तो जिथे टांगलेला असतो तो हँगर वाचला, नशीब!

दुसरी चेन आणून घरीच बसलो. पुढची मोठी चकती, मागची मोठी चकती, डिरेल्युरमधून न ओवता चेन गुंडाळायची. टोकं जुळतात त्यावर दोन कड्या जास्त. माझ्या ५०-३४ क्रँकला (पुढच्या दोन चकत्या, ५० नि ३४ दातांच्या) १०८ आल्या. छोट्या-छोट्यावर लोंबत नाही ना, तेही पाहिलं.

गिअर आता लोण्यासारखे पडतात. क्विक लिंक तेवढी हाताने बसेना. मागचा ब्रेक दाबून पेडलवर जोर दिला, तेव्हा टक्क झाली.