पहिलं चित्र घेताना: मूळ चित्र, मुद्राचित्र की डिजिटल प्रिंट?

नव्या घराचं रंगकाम आटोपलं, सोफा आला, की त्याच्यामागची रिकामी भिंत डोळ्यांत खुपायला लागते. तिथे काय लावायचं यासाठी साधारण तीन वाटा आहेत: कॅनव्हासवरची डिजिटल प्रिंट, चित्रकाराचं मूळ चित्र आणि मुद्राचित्र, म्हणजे चित्रकाराने स्वतः कोरलेल्या ठशावरून काढलेला, मोजक्याच प्रती असलेला छाप. तिसरी वाट अनेकांना ठाऊकच नसते, म्हणून तिच्याबद्दल जरा जास्त लिहितो.

डिजिटल प्रिंट हव्या त्या मापात मिळते, पडद्यांना जुळणारी निवडता येते, घरपोच येते. भाड्याचं घर असेल किंवा वर्षा-दोन वर्षांत बदलायचीच असेल, तर खुशाल घ्या. पण तिच्या हव्या तेवढ्या प्रती निघतात. तिथे आपण सजावटीचे पैसे मोजतो, चित्राचे नव्हे.

म्हणून छापलेलं ते सगळं हलकं, असंही नाही. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती आपल्या घरांतल्या भिंतींवर आल्या त्या छापील रूपातच.

मुद्राचित्रात चित्रकार स्वतः लाकूड किंवा लिनोलियम कोरतो, नाहीतर जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेषा खोदतो. या दुसऱ्या प्रकाराला एचिंग म्हणतात. मग शाई भरून, दाब देऊन एकेक कागद काढायचा आणि ठरलेल्या प्रती झाल्या की थांबायचं. खालच्या कडेला पेन्सिलीने ७/२५ असं काही लिहिलेलं दिसेल, म्हणजे पंचवीस प्रतींतली सातवी. शेजारी सही असते. एचिंग तिरक्या उजेडात धरून बघा: चित्राभोवती पत्र्याच्या कडेने कागद दबलेला दिसतो आणि रेषांवरची शाई किंचित उठून आलेली असते. डिजिटल प्रिंटमध्ये हे सापडायचं नाही. प्रती अनेक असल्यामुळे त्याच चित्रकाराच्या मूळ चित्रापेक्षा मुद्राचित्र सहसा बरंच स्वस्त पडतं.

मूळ चित्राची बात अर्थातच वेगळी. ते जगात एकच असतं, आणि रंगाचा थर, ब्रशचा जोर जवळून वाचता येतो. किमतीच्या धास्तीने लोक प्रदर्शनाची पायरीच चढत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. मुंबईत काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून उभी आहे, आत जायला तिकीट लागत नाही आणि बऱ्याचदा चित्रकार स्वतः तिथे बसलेला असतो. त्याला किंमत विचारायला संकोच कसला? कलाशाळांच्या वार्षिक प्रदर्शनांतही चक्कर मारा. विद्यार्थ्यांची लहान रेखाटनं, जलरंगातली चित्रं आवाक्यात असतात.

आता आपल्याकडचा खरा शत्रू, पावसाळा. मुंबई, कोकण, गोवा इथे कागदाला बुरशी लवकर धरते. मुद्राचित्र आणि जलरंग दोन्ही कागदावर असल्याने फ्रेमचा खर्च आधीच धरून ठेवा: आम्लरहित माउंट (चित्राभोवतीचा जाड पुठ्ठा), काच आणि कागद यांच्यात थोडी फट, मागची बाजू नीट बंद, आणि फ्रेम भिंतीला चिकटू नये म्हणून कोपऱ्यांना बुचाचे तुकडे. पाऊस झोडपतो ती बाहेरची भिंत आणि न्हाणीघराला लागून असलेली भिंत टाळा. थेट उन्हात जलरंग उडतात. एवढी उस्तवार जमणार नसेल, तर कॅनव्हासवरचं ॲक्रिलिक चित्र जास्त सोशिक.

माझं मत विचाराल तर, बजेट बेताचं असेल तेव्हा मुद्राचित्र घ्या. भिंत मोठी असली तरी चित्र लहान चालतं. ते डोळ्यांच्या उंचीवर लावा आणि भोवती मोकळी जागा राहू द्या. बजेट सैल असेल आणि एखाद्या मूळ चित्रासमोरून पाय निघत नसेल, तर मात्र तेच घ्या. पुढे भाव वाढेल या आशेवर यातलं काहीच घेऊ नका. नवोदितांच्या बाबतीत ते कुणीच सांगू शकत नाही. बिलावर चित्रकाराचं नाव, माध्यम, माप, वर्ष आणि मुद्राचित्र असेल तर प्रत क्रमांक लिहून घ्या.