हिंगणा एमआयडीसीतलं लेथचं वर्कशॉप, ठिणग्यावाल्या हायब्रिड रॉकेट मोटरसाठी कसं आहे

कॉलेजच्या रॉकेट टीमवाले पोट्टे नेहमी विचारतात की मोटरचे पार्ट नागपुरात कुठे करून घ्यायचे, म्हणून एकदाचं नीट लिहून टाकतो. वर्कशॉप हिंगणा एमआयडीसीत आहे, आतल्या बाजूला, तीन लेथ, एक मिलिंग, मागे पत्र्याच्या शेडमध्ये ग्राइंडर. मालक स्वतःच मशीनवर उभे राहतात, सगळे त्यांना मिस्त्रीकाका म्हणतात. नाव टाकू नको म्हणाले, काम आधीच उरावर आहे म्हणे, म्हणून नाव टाकत नाही. आमच्या कॉलेजच्या टीमची 54 मिलिमीटरची हायब्रिड मोटर तिथून करून घेतली, आय क्लासची, म्हणजे एकूण जोर (इम्पल्स) 320 ते 640 न्यूटन-सेकंदमधला, आणि ग्रेनमध्ये, म्हणजे घन इंधनाच्या नळकांड्यात, टायटॅनियमचे दाणे, म्हणजे स्पार्की, ठिणग्यावाली. उडवायला नाही, स्टँडवर बांधून स्टॅटिक टेस्टसाठी.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हायब्रिडमध्ये इंधन घन असतं, आमच्याकडे एचटीपीबी, म्हणजे रबरच, आणि ऑक्सिडायझर, म्हणजे जळायला ऑक्सिजन पुरवणारा, वरच्या टाकीत लिक्विड नायट्रस ऑक्साइड. नायट्रस स्वतःच्याच प्रेशरने खाली ढकलला जातो म्हणून पंप लागत नाही. 2004 मध्ये स्पेसशिपवन हे खाजगी यान अंतराळात गेलं ते याच जोडीवर, नायट्रस आणि एचटीपीबी. अमेरिकेत हायपरटेक, रॅटवर्क्स, कॉन्ट्रेल यांनी हौशी लोकांसाठी तयार हायब्रिड मोटर विकल्या, कॉन्ट्रेलकडे तर स्पार्की ग्रेनसुद्धा होते. आपल्याकडे ते मागवायचं म्हणजे कस्टमच्या मागे फिरा, त्यापेक्षा हार्डवेअर इथेच बनवा हे माझं ठाम मत आहे आणि या वर्कशॉपमुळे ते अजून पक्कं झालं.

केसिंगपासून, म्हणजे मोटरच्या बाहेरच्या नळीपासून, सुरुवात करतो. अॅल्युमिनियम 6061-टी6 चा पाइप आम्हीच आणून दिला होता. काकांनी पहिले विचारलं ते हे, "याच्यात काय भरून राहिले भाऊ, आन प्रेशर किती?" मी म्हटलं टाकीत पन्नास-साठ बार, चेंबरमध्ये त्याच्यापेक्षा कमी. मग त्यांनी ड्रॉइंग बाजूला ठेवून ओ-रिंगचे, म्हणजे लीक थांबवणाऱ्या रबरी रिंगचे, ग्रूव्ह (खाचा) स्वतः परत मोजले आणि हातातली ओ-रिंग घेऊन बसवून पाहिली. ग्रूव्हच्या कडेला एवढीशी धार राहिली तरी ओ-रिंग घालताना कापली जाते आणि ते बाहेरून दिसतच नाही, लीक झाल्यावरच कळते. त्यांनी प्रत्येक ग्रूव्हची कड एमरी पेपरने मारून दिली, न सांगता. स्नॅप रिंगची, म्हणजे टोकाचा पार्ट अडवून धरणाऱ्या स्प्रिंगसारख्या रिंगची, खाच एकदम चौकोनी, कोपऱ्यात गोलाई नाही, रिंग टक्कन बसते. हायड्रो टेस्ट आम्ही पाण्याने केली, कामाच्या प्रेशरच्या दीडपटीला, थेंबभर गळालं नाही.

पण खरी कमाल इंजेक्टर. पितळेची चकती, त्यात बारीक भोकं, त्यातूनच नायट्रस चेंबरमध्ये फवारला जातो आणि मोटरचा थ्रस्ट (ढकलण्याचा जोर) किती हे बरंचसं तिथेच ठरते. भोक पाडणं कोणालाही येते, प्रश्न मागच्या बाजूला राहणाऱ्या बरचा, म्हणजे धातूच्या बारक्या काट्याचा, असतो. बर राहिला तर फवारा तिरका जातो, ग्रेन एका बाजूने खाल्ला जातो, आणि तुकडा सुटून लाइनमध्ये गेला तर अजून वाईट. काकांनी चकती ट्यूबलाइटसमोर धरून एकेक भोक डोळ्याला लावून पाहिलं, मग लाकडाच्या काडीला पॉलिशिंग पेस्ट लावून प्रत्येक भोक हाताने फिरवून काढलं, परत ट्यूबलाइटसमोर. मी बाजूला उभा राहून पाहत होतो, कंटाळा नाही, घाई नाही. असं काम मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. पाण्याचा फ्लो टेस्ट केला तर सगळ्या धारा सरळ, समांतर.

एक गोष्ट मात्र तुम्हालाच करायची आहे. लेथवर कटिंग ऑइल असतंच, आणि नायट्रसच्या वाटेवर तेल, ग्रीस काहीच चालत नाही. पार्ट घरी आणून डिग्रीस करणं, धुणं, वाळवणं हे टीमचं काम, वर्कशॉपवर सोडू नका. नायट्रस गरीब वाटतो पण त्याचं स्वतःचंच विघटन होऊन तो उष्णता देऊ शकतो. 2007 मध्ये अमेरिकेत मोहावीला स्केल्ड कंपोझिट्सच्या, म्हणजे स्पेसशिपवन बनवणाऱ्या कंपनीच्या, टेस्टमध्ये तीन माणसं गेली, आणि तेव्हा मोटर पेटवलेलीसुद्धा नव्हती, नुसता नायट्रस सोडून पाहत होते. पोट्ट्यांना मी हे टेस्टच्या आधी दरवेळी सांगतो.

आता नोझल, आणि इथे ठिणग्यांचा विषय येतो. ग्रेफाइटचा नोझल काकांनी करून दिला पण आनंदाने नाही, कारण ग्रेफाइटची काळी धूळ लेथच्या स्लाइडमध्ये जाते आणि मशीन खाते. बेडवर ओलं फडकं टाकून, व्हॅक्यूमची नळी टूलजवळ धरून केलं. फिनिश चांगला, थ्रोट, म्हणजे नोझलचा सगळ्यात अरुंद भाग, गोल, फक्त बाहेर जाणाऱ्या शंकूमध्ये टूलच्या हलक्या रेषा राहिल्या होत्या. साध्या ग्रेनला हे चालून जाते. स्पार्कीला थ्रोट आधीच मार खातो, कारण टायटॅनियमचे गरम दाणे त्याच्यावर आपटत बाहेर पडतात आणि उरलेला ऑक्सिडायझर ग्रेफाइट जाळत असतोच. टेस्टनंतर पिन गेजने मोजलं तर थ्रोट साध्या ग्रेनपेक्षा जास्त मोठा झालेला होता. म्हणून स्पार्कीसाठी दोन-तीन नोझल एकदमच करून घ्या, एकावर भागणार नाही.

ठिणग्या कशा दिसल्या हे विचाराल तर, बाप्पा! पेटल्यावर पहिला क्षणभर फक्त पिवळसर ज्वाळा, मग रबर सरकायला लागलं की आतले दाणे सुटतात आणि ठिणग्यांची पांढरी शुभ्र झड उठते, थेट जमिनीपर्यंत, आणि जवळून स्लो मोशनमध्ये पाहिलं तर प्रत्येक ठिणगी शेवटी फुटून तिच्या चार-पाच बारक्या ठिणग्या होतात. दिवाळीच्या भारी अनारात जी पांढरी चमक असते तीच ही. दाणा जाड लागतो, अगदी बारीक भुकटी असेल तर ती नायट्रसमध्ये आतच जळून जाते आणि बाहेर काही दिसत नाही, शिवाय बारीक भुकटी हाताळायला फार धोक्याची. आणि हे लक्षात ठेवा की बाहेर जळणारा दाणा थ्रस्ट देत नाही, म्हणजे ठिणग्यांसाठी तुम्ही इम्पल्स सोडता आणि नोझलही लवकर घालवता. मला तो सौदा मान्य आहे, हे दृश्य पाहून फर्स्ट इयरचे पोट्टे दुसऱ्या दिवशी टीममध्ये नाव द्यायला आले. पण आकडे हवे असतील तर साधा ग्रेनच लावा.

आगीचं मात्र मजा नाही. अमेरिकेच्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या नियमात स्पष्ट आहे, ग्रेनमध्ये टायटॅनियम स्पंज असेल तर पॅडभोवतीची साफ जागा दीडपट आणि तिथे जळणारं काहीच नको. आपल्याकडे थंडी संपत आली की गवत कसं होते माहिती आहे, काडी लावायचा अवकाश. आम्ही सगळं गवत छाटून, झाडून, वर रेती टाकली, स्टँडच्या मागे सिमेंटची भिंत. जळतं टायटॅनियम नायट्रोजनमध्ये आणि कार्बन डायऑक्साइडमध्येही जळते, त्यामुळे सीओटूचं एक्स्टिंग्विशर त्याच्यावर कामाचं नाही, पाणीही नाही, कोरड्या रेतीच्या बादल्या ठेवा. पाणी गवतासाठी वेगळं.

आणि टेस्ट थंडीतच करा. नायट्रसचं प्रेशर 20 डिग्रीला साधारण 50 बार असते, 30 ला 63 च्या आसपास, आणि 36.4 डिग्रीच्या वर तो लिक्विड राहतच नाही. आपला मे महिना 45 ला जातो. म्हणजे नागपूरच्या उन्हाळ्यात टाकी भरलीच जात नाही नीट, आणि प्रेशर डोक्यावर बसलेलं ते वेगळंच. डिसेंबर-जानेवारीची सकाळ या कामासाठी एक नंबर. सिलिंडरचं सगळं गॅस सिलिंडर नियम 2016 प्रमाणे करा, कुठूनतरी जुगाड करून आणू नका. पेसोचं, म्हणजे स्फोटकं आणि गॅस सिलिंडरचे नियम पाहणाऱ्या सरकारी खात्याचं, मुख्य ऑफिसच आपल्या सेमिनरी हिल्सला आहे, म्हणजे नियम विचारायला मुंबई-दिल्ली नाही करावं लागत, कॉलेजच्या लेटरहेडवर रीतसर विचारा.

वर्कशॉपच्या तक्रारी दोन. वेळ पाळत नाहीत. कंपनीचं मोठं काम आलं की आपला जॉब खाली जातो आणि "उद्या ये ना भाऊ" सुरू होते, टेस्टची तारीख ठरवून काम दिलं तर डोक्याला ताप होईल. दुसरं, फोनवर व्हॉट्सअॅप केलेल्या ड्रॉइंगवर काम देऊ नका, टॉलरन्स (मापात किती फरक चालेल तो आकडा) वाचता येत नाही आणि मग काका अंदाजाने धरतात. मोठ्या कागदावर प्रिंट न्या, ओ-रिंग आणि स्नॅप रिंग सोबत न्या, बसवून पाहिल्याशिवाय पार्ट उचलू नका, ते स्वतःच बसवून दाखवतात. पैसे तासाने लावतात, घासाघीस केली तर चिडतात, आणि माझ्या मते ज्या माणसाने इंजेक्टरचं एकेक भोक हाताने काढलं त्याच्याशी घासाघीस करूही नये. इतवारीत लोहा ओळीकडे चौकशी केली तेव्हा स्वस्तात कोट मिळाला होता, पण तिथे कोणी प्रेशर विचारलं नाही, म्हणून मी तिकडे गेलो नाही.

जायचं असेल तर सकाळी जा, दुपारी जेवणानंतर मशीनवर दुसरी पोरं असतात. ग्रेफाइटचं काम असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा, त्यासाठी ते जुना लेथ रिकामा ठेवतात.